दोन स्पेअर

ड्युटीमास्तरांना निवृत्त होऊन बरेच महिने झाले होते, पण ती बातमी खुद्द त्यांच्यापर्यंत अजून नीटशी पोचली नव्हती. पहाटे डोळा उघडला की ते आधी खिडकीतून आभाळ बघत, मग घड्याळ बघत आणि मग भिंतीला सांगत, "पहिली गाडी निघाली असेल." हे सांगून झाल्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली चहा उतरत नसे.

शहराच्या बस डेपोत त्यांनी सारी हयात ड्युट्या लावण्यात घालवली. कोणत्या गाडीवर कोणता चालक, कोण कधी जेवणार, कोणाची रजा कोण भरून काढणार, हे सगळं ते एका काचेच्या खिडकीमागे बसून ठरवायचे. चालक त्यांना भीत होते असं नाही, पण त्या खिडकीसमोर उभं राहून "मेव्हण्याचं लग्न आहे हो, मास्तर" म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडखळे. त्याच मेव्हण्याचं लग्न मागच्या वर्षीही झालं होतं, हे मास्तरांच्या पक्कं ध्यानात असे.

आणि मास्तरांचा सगळ्यांत जास्त जीव होता तो स्पेअरवर. स्पेअर म्हणजे ज्याला त्या दिवशी एकही गाडी नेमून दिलेली नाही असा चालक. तो पंख्याखालच्या लांब बाकावर नुसता बसून असतो. कुणी आजारी पडलं, कुणाची बायको बाळंत झाली, कुणी पहाटे उठायलाच विसरलं, की हा उठतो आणि गाडी घेऊन जातो. "ज्या डेपोत स्पेअर नाही तो डेपो नाही, ते गाड्यांचं गोदाम," असं मास्तर म्हणत. वरचे साहेब दर वर्षी "हा माणूस रिकामा का बसलाय?" असं विचारत, आणि मास्तर दर वर्षी तेच उत्तर देत, "तो रिकामा बसलाय म्हणून तुम्ही निवांत बसलाय, साहेब."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा असा झाला की मास्तरांनी हा नियम डबा आणि छत्रीबरोबर रोज घरीही आणला.

त्यांची बायको इस्पितळात वॉर्ड सांभाळायची. तिला सारी गल्ली सिस्टर म्हणायची. तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, तीसुद्धा चेष्टेने सिस्टरच म्हणायची. मास्तरांची पहाटपाळी, सिस्टरांची रात्रपाळी, आणि घरात एक लहान मुलगी. दोघांची गाठ पडायची ती उंबरठ्यावर. मूल या कडेवरून त्या कडेवर जायचं, किल्ली या खिशातून त्या खिशात, आणि "दूध तापवलंय" एवढ्या दोन शब्दांत संसार पुढे सरकायचा. घरात एक माणूस कायम मोकळा पाहिजे, हा मास्तरांचा कायदा होता, आणि त्या दिवसांत तो बरोबरही होता. लेकरू त्याच कायद्यावर धडधाकट वाढलं.

पण लेकरू मोठं झालं, शिकलं, लग्न करून आपल्या घरी गेलं, तरी कायदा तिथेच बसून राहिला. एखाद्या समारंभाला एकाने जायचं, दुसऱ्याने घरी थांबायचं. सिनेमाला सिस्टर ताईबरोबर जायच्या. मुलीच्या लग्नात तर कहरच झाला. सगळे आत बसलेले, आणि वधूपिता बाहेर फाटकापाशी उभे राहून पाहुण्यांच्या गाड्या मागेपुढे करवून घेत होते. कुणीतरी बाहेर हवंच ना! लग्नाच्या एकाही फोटोत मास्तर नाहीत. एकात कोपऱ्यात त्यांचा हात दिसतो, तोही "अजून मागे, अजून मागे" असा.

आता एवढं नमनाला घडाभर तेल घातल्यावर मूळ गोष्टीकडे येतो.

मास्तरांच्या निवृत्तीपाठोपाठ सिस्टरही निवृत्त झाल्या. तेव्हा मुलीने आणि जावयाने घाट घातला की सगळ्यांनी मिळून उत्तरेच्या समुद्रात जहाजाची सहल करायची. आईबाबा, ताईमावशी आणि ती दोघं. डोंगरांच्या मधून आत शिरलेल्या समुद्रातून जहाज जाणार, तीन बंदरांवर थांबणार. दर बंदरावर उतरून काय बघायचं, ते पुस्तिकेत बघून आधीच ठरवायचं आणि सहल कंपनीच्या कचेरीत जाऊन नोंदवायचं. पुस्तिका जाडजूड आणि गुळगुळीत होती. मास्तरांनी ती हातात घेतली, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तीन बंदरं, पाच माणसं, प्रत्येक ठिकाणी चारचार सहली, आणि प्रत्येकीची निघायची आणि परतायची वेळ! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो.

सिस्टर जेवणाच्या टेबलापाशी बसून मोठ्याने वाचत होत्या आणि मास्तर पेन्सिलीला टोक करत होते.

"हे ऐका. दुसरं बंदर. 'छोट्या होडीतून हिमनदीच्या पायथ्याशी. प्रत्येक बाकावर दोघं, आणि दोघांत मिळून एक जाड पांघरूण.' ऐकलंत का?"

"निघायची वेळ काय दिलीय?"

सिस्टरांनी वेळ सांगितली. मास्तरांनी टिपून घेतली.

"दोघांत एक पांघरूण, अहो."

"एकच? मग भांडणं होणार," मास्तर म्हणाले. "थंडीत माणूस ओढाताण करतो. परत यायची वेळ सांग."

सिस्टर मागणाऱ्यातल्या नव्हत्या. आयुष्यभर दुसऱ्यांनी मागायचं आणि त्यांनी आणून द्यायचं, अशी त्यांची नोकरी. त्यांना हिमनदीचंही तसं फारसं काही नव्हतं. बर्फ त्यांनी वॉर्डात पिशव्या भरभरून पाहिला होता. त्यांना तो बाक हवा होता, ज्यावर दोघं बसतात. हे तुम्हाआम्हाला लगेच कळतं, कारण आपण बाहेर उभे आहोत. मास्तर आत होते, आणि त्यांच्या हातात पेन्सिल होती.

रविवारी सगळे जमले तेव्हा मास्तरांचा तक्ता तयार होता. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, त्यावर रंगीत पेन्सिलींनी आखलेल्या चौकटी, सगळं फ्रिजवर चिकटवलेलं. ताईंच्या विणकामातली एक सुई मागून घेऊन मास्तर तक्त्याशेजारी उभे राहिले. ताईंनी सुई दिली खरी, पण तिच्यावरची नजर काढली नाही.

"पहिलं बंदर," मास्तरांनी सुई ठेवली. "धबधबा, जावईबापू. डोंगरातली आगगाडी, ताई. जुनं लाकडी गाव, आमची मुलगी. दीपगृह, सिस्टर."

"आम्ही दोघं वेगवेगळे?" मुलीने नवऱ्याकडे बघितलं.

"मग? धबधबा एकच आहे. एकाने बघितला की झालं. दोन माणसं एकाच धबधब्यावर कशाला खर्च करायची? संध्याकाळी जेवताना ज्याने त्याने आपापलं सांगायचं. तिन्ही बंदरांत आपल्या घरातून एकही गोष्ट सुटत नाही." मास्तर मागे सरून तक्त्याकडे बघत म्हणाले, "कंपनीलासुद्धा असं जमलं नसतं."

"म्हणजे आगगाडीत मी बसायचं आणि रात्री सगळ्यांना ऐकवायचं?" ताई म्हणाल्या. "मी काय रेडिओ आहे?"

"दुसऱ्या बंदरावर तुम्हाला हिमनदी दिलीय, ताई."

"अगंबाई! आणि सिस्टरला?"

"देवमासे. तिचं पोट घट्ट आहे, बोट कितीही हलली तरी तिला काही होत नाही."

सिस्टरांनी फक्त एकच विचारलं, "आणि ते पांघरूण?"

"ताई एकट्याच असतील ना, त्यांना अख्खं मिळेल," मास्तर आनंदाने म्हणाले. भांडणाचं मूळच त्यांनी उपटून टाकलं होतं.

जावयाने तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. "बाबा, हा खालचा हिरवा पट्टा कसला?"

"तो स्पेअर. तिन्ही बंदरं, जहाजावरच."

"स्पेअर कोण?"

"मी," मास्तर म्हणाले, आणि कुणाला प्रश्न का पडावा हेच त्यांना कळेना. "कुणी घसरलं, कुणाची औषधं राहिली, कुणाची परतीची गाडी चुकली, तर एक माणूस मोकळा नको?"

मुलगी आणि जावई हसू आवरेना म्हणून गॅलरीत गेले. ताईंनी आपली सुई ताब्यात घेतली. सिस्टर उठून ओट्यापाशी गेल्या. त्या रागावल्या की भांडी आपटत नसत, उलट भांड्यांचा आवाज पार बंद व्हायचा. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळा स्वयंपाक झाला, आणि चमचासुद्धा वाजला नाही.

मुलीने पुढचे काही दिवस बापाला समजावून पाहिलं. "बाबा, एकदा तरी आईबरोबर उतरा ना."

"कुणी पडलं तर?"

"जहाजावर डॉक्टर आहे."

"डॉक्टर काय धावत येणार आहे का बंदरावर?"

"आणि तुम्ही धावणार? गुडघ्याला पट्टा बांधून?"

पालथ्या घड्यावर पाणी. पण मास्तर हट्टी होते असं म्हणून त्यांच्यावर अन्याय करू नका. खरी गोष्ट अशी की मास्तरांना नुसतं बसणं जमत नव्हतं. प्रवासी म्हणून गाडीत बसले की त्यांच्या हातांना काय करावं ते सुचत नसे. स्पेअर असलं की माणूस बसलेलाच असतो, पण कामावर असतो. कुणी विचारलं तर सांगायला कारण असतं. हे त्यांनी कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

नोंदणीचा शेवटचा दिवस आला. सहल कंपनीच्या कचेरीत टेबलामागे एक चुणचुणीत मुलगी बसली होती. मुलगी, जावई आणि ताई या तिघांनी आधीच बंड करून तिन्ही बंदरांवर, धबधबा असो की हिमनदी, एकत्रच जायचं ठरवलं होतं. मास्तरांच्या तक्त्याला हे पहिलं भगदाड. ते तोंडातल्या तोंडात "धबधब्याला तीन माणसं!" असं पुटपुटले.

"आणि काका-काकू?" टेबलामागच्या मुलीने विचारलं.

"हिला दीपगृह, मग देवमासे," मास्तर म्हणाले. "मला काही नको. मी स्पेअर."

"स्पेअर म्हणजे?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. अगदी बाकापासून.

"म्हणजे काका फिरायला येऊन ड्युटी करणार?" टेबलामागच्या मुलीला हसू फुटलं.

सिस्टरांनी आपली पर्स टेबलावर ठेवली. इस्पितळात एखादा रोगी औषध नको म्हणाला की त्या ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात त्या म्हणाल्या, "माझंही तेच लिही, बाळ. दीपगृह नको, देवमासे नकोत. स्पेअर."

"अगं, असं काय करतेस? दोन स्पेअर कशाला?"

"का? तुमच्या डेपोत कधी दोन स्पेअर नसायचे?"

"असायचे एखाद्या दिवशी."

"मग ते काय करायचे?"

"काय करणार? बाकावर बसायचे शेजारी शेजारी. गप्पा मारायचे, चहा प्यायचे."

"मग झालं तर," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी पर्सची चेन लावली.

घरी आल्यावर मास्तर बराच वेळ फ्रिजसमोर उभे राहिले. फ्रिजमधलं पाणी काढायला ताईंनी त्यांना दोनदा बाजूला केलं. एकाच घरात दोन हिरवे पट्टे. डेपोत असं झालं असतं तर त्यांनी एकाला तरी दुपारपर्यंत कुठल्यातरी गाडीवर पाठवलंच असतं. माणूस वाया घालवणं त्यांना बघवत नसे. आणि सिस्टरने तर दीपगृह, देवमासे, सगळ्यावरच पाणी सोडलं होतं. ती पुस्तिकेतलं हिमनदीचं पान पुन्हा पुन्हा का वाचत होती, हे त्यांना आत्ता कुठे, आणि तेही निम्मंच, कळलं. त्यांना वाटलं, तिला हिमनदी हवी होती. आपण ती ताईला देऊन बसलो. मास्तरांना वाईट वाटलं. अगदी सरळ, साधं वाईट वाटलं, आणि त्यावर इलाज म्हणून ते "बल्ब आणतो" असं सांगून एकटेच कचेरीत गेले.

"हिमनदी भरली, काका," ती मुलगी म्हणाली. "प्रतीक्षायादीत टाकू?"

"दोन जागा. आमच्या दोघांच्या." दोन का म्हणालो, ते त्यांनाच कळलं नाही. बहुधा तिला एकटीला होडीत कसं पाठवायचं म्हणून असेल. "तुमच्याकडे राखीव काही नसतं?"

"नाही हो."

"एवढी मोठी कंपनी आणि राखीव नाही?" मास्तर उखडले.

"बघते, काका. जमलं तर कळवते."

हे वाक्य मास्तरांच्या ओळखीचं होतं. सारी हयात ते त्यांनी स्वतः, काचेच्या आतून, हजारदा म्हटलं होतं. बाहेरून ते इतकं पोकळ ऐकू येत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते घरी आले, आणि बल्ब आणायचे राहिले म्हणून बोलणीही खाल्ली.

जहाजावर पोचेपर्यंत कळवणं काही आलं नाही. जहाज मात्र पुस्तिकेतल्यापेक्षाही मोठं होतं. दोन्ही बाजूंना उंच, काळेभोर डोंगर, त्यांच्या खांद्यांवर बर्फ, आणि मधल्या पाण्यातून जहाज आवाज न करता सरकायचं. जावई दिसेल त्याचे फोटो काढत सुटला. सिस्टर कठड्याला टेकून डोंगर बघत उभ्या राहिल्या. मास्तरांनी संकटात बाहेर पडायच्या दारांची माहिती करून घेतली.

पहिल्या बंदरावर तिघं धबधबा बघायला उतरले आणि दोन स्पेअर वर राहिले. निदान तसं ठरलं होतं. सिस्टर डेकवरच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी ओढून बसल्या. मास्तर मात्र गळ्यात औषधांची पिशवी अडकवून शिडीपाशी गेले, मग कोण कोण परतलं ते विचारून आले, मग केबिनमध्ये जाऊन ताईंची गोळी राहिली नाही ना ते बघून आले, मग पुन्हा शिडीपाशी. खुर्ची दिवसभर रिकामी राहिली.

"स्पेअरने बाकावर बसायचं असतं ना?" संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही तर राउंड घेत होतात." त्या हसत म्हणाल्या, पण ते हसू ओठांपर्यंतच होतं. मास्तरांना ते टोचलं. दुसऱ्या बंदरावर काही करून तिला हिमनदी दाखवायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

म्हणून दुसऱ्या बंदरावर ते सकाळी सगळ्यांच्या आधी जहाजावरच्या सहलींच्या खिडकीसमोर जाऊन उभे राहिले. कुणी आजारी? नाही. कुणी उठलं नाही? सगळे उठले. मेव्हण्याचं लग्न? तेही नाही. मास्तर हात हलवत न्याहारीला परतले आणि त्यांनी पडेल चेहऱ्याने झालं ते सांगून टाकलं.

ताईंना गलबलून आलं. "सिस्टर, माझी जागा तू घे. मला काय करायचाय तो बर्फ, माझे दात आधीच शिवशिवतात."

"एकच ना?" सिस्टर म्हणाल्या. "एका जागेचं मी काय करू, ताई?"

त्या सहज बोलल्या आणि चहा ढवळायला लागल्या. ताईंनी मास्तरांकडे बघितलं. मुलीने बघितलं. जावयाने कॅमेऱ्याकडे बघायचं नाटक केलं. मास्तरांचा घास तोंडातच राहिला. ड्युट्या लावणाऱ्या माणसाला वाक्यातला आकडा आधी ऐकू येतो. एका जागेचं मी काय करू. इतकी वर्षं ते एकेक जागाच वाटत आले होते. त्यांच्या तक्त्यात कधी दोनाची चौकटच नव्हती.

तिघं गेले. जहाज बरंच रिकामं झालं. डेकवर सिस्टर कालच्याच खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर त्यांची जुनी तपकिरी शाल. मास्तर येऊन शेजारच्या खुर्चीत बसले. औषधांची पिशवी आज त्यांनी खुर्चीखाली ठेवली होती.

"ड्युटी सुरू झाली वाटतं आपली," सिस्टर म्हणाल्या.

मास्तर "हूं" म्हणाले. त्यांचे हात गुडघ्यांवरून खुर्चीवर गेले, खुर्चीवरून खिशात. खाली बंदराच्या रस्त्यावर बसचा थांबा होता. एक निळी बस आली, दारं उघडली, कुणी चढलं नाही, बस गेली. काही वेळाने दुसरी आली. तीही तशीच गेली.

"रिकाम्या गाड्या सोडतायत," मास्तर अस्वस्थ झाले.

"बघा ना. कुणी बसतच नाही."

मास्तरांनी आणखी एक बस येऊ दिली. मग ते उठले. आधी त्यांनी शर्ट खाली ओढून सरळ केला. साहेबांसमोर जाताना ते तसं करत. "चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"ती गाडी कुठवर जाते ते बघू."

सिस्टर लगेच उठल्या नाहीत. आयुष्यभर उंबरठ्यावर किल्ली घेतलेल्या बाई, अशा एका शब्दावर थोड्याच उठतील? त्यांनी खालून वर नवऱ्याकडे बघितलं. "आणि स्पेअर कोण?"

मास्तरांनी शिडीकडे बघितलं. कुणी पडलं तर? कुणाची औषधं? परतीची गाडी? प्रश्न सगळे जागच्या जागी होते, एकही कमी झाला नव्हता.

"कुणी नाही," ते म्हणाले.

औषधांची पिशवी खुर्चीखालीच राहिली.

थांब्यावर वेळापत्रक लावलेलं होतं. तिथली भाषा मास्तरांना येत नव्हती, पण वेळापत्रक कळायला त्यांना भाषा लागत नसे. जहाज सुटायच्या आत परतता येईल, याची त्यांनी बोट फिरवून खात्री करून घेतली. जित्याची खोड. बस आली. जावयाने खिशात घालून दिलेलं कार्ड यंत्राला लावून ते आत चढले, आणि सवयीप्रमाणे पुढे चालकाशेजारी दांडी धरून उभे राहिले.

सिस्टर मध्यावर दोनाच्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही. शेजारच्या जागेवर नुसता हात थोपटला.

मास्तर जाऊन बसले.

बस बंदरातून निघाली, एका शाळेजवळून गेली, लाल घरांच्या रांगेवरून वळली, मग पाण्याच्या काठाकाठाने बराच वेळ चालली. बघण्यासारखं विशेष काही नव्हतं. वाळत घातलेली जाळी, एका खिडकीत मांजर, एका अंगणात उलटी घालून ठेवलेली होडी. पुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं. "ते बघा," सिस्टर म्हणायच्या, आणि मास्तर बघायचे. थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "ते बघ," आणि सिस्टरांनी बघितलं. चालक वळणावर जरा जोरात घेतोय हे मास्तरांच्या लक्षात आलं, पण ते काही बोलले नाहीत. वळणावर सिस्टर त्यांच्या खांद्यावर रेलल्या, आणि वळण संपल्यावरही सरळ झाल्या नाहीत.

शेवटच्या थांब्यावर एक पत्र्याची शेड आणि दगडांचा ढीग होता. चालक इंजिन बंद करून बाहेर जाऊन कॉफी प्यायला लागला. इंजिनाबरोबर आतली ऊबही गेली. मास्तरांचे गुडघे गारठले. सिस्टरांनी न विचारता शालीचा अर्धा भाग त्यांच्या मांडीवर ओढला आणि कडा नीट खोचली, वॉर्डातल्या चादरीसारखी.

"दोघांत एक," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी ओढाताण केली नाही. मूर्ख माणूस मी, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. ते शालीखालून बायकोच्या हाताला कळलं असावं.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तर दचकून ताठ झाले. झालं! पडलं कुणीतरी!

"बाबा, सगळं ठीक आहे, सहजच केला," पलीकडून मुलगी ओरडत होती. मागे वारा होता. "काय सुंदर आहे इथे! तुम्ही कुठे आहात?"

"बसमध्ये."

"बसमध्ये? का? काय झालं? आईला काही झालं का?"

"काही झालं नाही," मास्तर म्हणाले. "तुझी आई खिडकीत बसलीय. मी तिच्या शेजारी बसलोय. आम्ही ठीक आहोत. तू ठेव फोन, गाडी सुटेल आता."

संध्याकाळी जेवताना ताईंनी हिमनदी सांगितली. बर्फ निळा कसा होता, कडा कोसळताना केवढा आवाज झाला, पांघरुणाला कसला वास येत होता, सगळं. रेडिओ बराच वेळ चालला. मग जावयाने फोटो दाखवले.

"आणि तुमच्या दोघांचं काय, आई?" मुलीने हळूच विचारलं. "दिवसभर काय केलंत?"

"बाकावर बसलो," सिस्टर म्हणाल्या.

ताईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं, मग मास्तरांकडे. "बरं, उद्या शेवटचं बंदर. मास्तर, उद्याची ड्युटी लावून टाका एकदाची. कोण कोण स्पेअर?"

"दोघं," मास्तर म्हणाले. "मी आणि ही."